चित्रभाषेचा व्याकरणकार : डी. डब्ल्यू. ग्रिफिथ

१. प्रास्ताविक



आशय आणि अभिव्यक्ती ही जोडी आता तुमच्या चांगली परिचयाची झाली आहे. कवितेचा, कथेचा अभ्यास करताना आपण या दोहोंचा विचार कधी एकत्र, तर कधी सोयीसाठी वेगवेगळा करतो. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' या फडके-खांडेकरकालीन वादाशीही तुमची ओळख झाली आहे. परंतु अभिव्यक्ती अत्यंत प्रभावी आहे आणि आशय मात्र असत्य व अन्यायकारक आहे, अशी कलाकृती समोर आली तर अभ्यासकाने काय करावे? हा प्रश्न साहित्यापेक्षाही तीव्रतेने ज्याच्या संदर्भात विचारला गेला, अशा एका चित्रपट-दिग्दर्शकाचे जीवन आपण या घटकात पाहणार आहोत. त्याचे नाव डेव्हिड वार्क ग्रिफिथ.

ग्रिफिथचा उल्लेख बहुधा दोन प्रकारे होतो. चित्रपटकलेचे इतिहासकार त्याला चित्रभाषेचा जनक म्हणतात, तर अमेरिकेच्या सामाजिक इतिहासाचे अभ्यासक त्याच्याकडे वंशद्वेषाला कलेचे बळ देणारा माणूस म्हणून पाहतात. ही दोन वर्णने दोन वेगळ्या माणसांची नाहीत, हे प्रथम लक्षात घ्या. एकाच हाताने, एकाच तंत्राने, अनेकदा एकाच दृश्यात ही दोन्ही कामे केली. ती कशी केली हे समजून घेणे, हा या घटकाचा हेतू आहे.

२. जडणघडण

ग्रिफिथचा जन्म २२ जानेवारी १८७५ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, ओल्डहॅम काउंटीतील एका शेतावर झाला. त्याचे वडील जेकब ग्रिफिथ १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांच्या सैन्यात कर्नल होते. युद्धात दक्षिणेचा पराभव झाला, गुलामगिरी कायद्याने संपली आणि जुन्या जमीनदार कुटुंबांची प्रतिष्ठा ओसरली. पराभूतांच्या घरात इतिहास बहुधा गौरवकथेच्या रूपाने जिवंत राहतो. वडिलांच्या शौर्याच्या आणि दक्षिणेच्या गतवैभवाच्या गोष्टी ऐकतच डेव्हिड वाढला. तो दहा वर्षांचा असताना वडील वारले. मागे राहिले ते कर्ज आणि त्या गोष्टी.

पुढे कुटुंब लुईव्हिल शहरात आले. आईने खाणावळीसह भाड्याच्या खोल्यांचा व्यवसाय सुरू केला, पण तो चालला नाही. डेव्हिडला लहान वयातच नोकरी धरावी लागली. आधी कापडाच्या व किरकोळ मालाच्या दुकानात, नंतर पुस्तकांच्या दुकानात त्याने काम केले. शिक्षिका असलेल्या थोरल्या बहिणीकडून मिळालेले धडे आणि या पुस्तकांचा सहवास, एवढेच त्याचे शिक्षण म्हणता येईल. डिकन्सच्या कादंबऱ्यांचा त्याच्यावर खोल संस्कार झाला. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

त्याची महत्त्वाकांक्षा नाटककार होण्याची होती. फिरत्या नाटक कंपन्यांतून त्याने 'लॉरेन्स ग्रिफिथ' या नावाने अनेक वर्षे भूमिका केल्या. १९०६ मध्ये लिंडा आर्विडसन या अभिनेत्रीशी त्याचा विवाह झाला. १९०७ मध्ये त्याचे एक नाटक रंगमंचावर आले आणि लगेच कोसळले. त्या काळी चित्रपटात काम करणे ही रंगभूमीवरील नटाला अधोगती वाटे. पोटासाठी पटकथा विकायला तो एडिसन कंपनीच्या दारात गेला. पटकथा नाकारली गेली, पण एक छोटी भूमिका मिळाली. त्यानंतर तो न्यूयॉर्कच्या १४ व्या रस्त्यावरील बायोग्राफ कंपनीत दाखल झाला आणि १९०८ मध्ये तिथेच त्याच्यावर दिग्दर्शनाची जबाबदारी आली. ज्या माध्यमाला तो मनातून हलके मानत होता, त्याच माध्यमाने पुढे त्याला मोठे केले.

३. व्याकरणाची घडण : १९०८ ते १९१३

बायोग्राफमधील पाच-साडेपाच वर्षांत ग्रिफिथने साडेचारशेच्या आसपास लघुपट केले. बहुतेक एका रिळाचे, म्हणजे दहा ते पंधरा मिनिटांचे. आठवड्याला एक-दोन चित्रपट या गतीने काम करताना छायालेखक बिली बिट्झर याच्या साहाय्याने त्याने जे प्रयोग केले, त्यांतून चित्रपट या माध्यमाची कथनरीती स्थिरावत गेली.

त्यापूर्वीचा सर्वसाधारण चित्रपट नाटकासारखा होता. कॅमेरा प्रेक्षकाच्या जागी स्थिर उभा असे आणि पात्रे समोर येऊन संपूर्ण प्रसंग सादर करीत. भाषेच्या परिभाषेत सांगायचे तर एक दृश्य म्हणजे एक सुटे वाक्य असे. ग्रिफिथने त्या वाक्याची पदे वेगळी केली. दूरवरचे दृश्य, मध्यम अंतरावरचे दृश्य, चेहऱ्याचे समीपदृश्य अशी पदे घेऊन त्यांच्या क्रमातून अर्थ निर्माण करण्याची पद्धत त्याने पक्की केली. एकटे पद जे सांगत नाही, ते पदांचा क्रम सांगतो, हे व्याकरणातील तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. पडद्यावर त्याचा पद्धतशीर वापर करून दाखवणाऱ्यांत ग्रिफिथ अग्रणी होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. समीपदृश्य किंवा समांतर संकलन यांचा शोध ग्रिफिथनेच लावला, असे विधान अनेक जुन्या पुस्तकांत आढळते. त्याला मुख्यतः ग्रिफिथच जबाबदार आहे. बायोग्राफ सोडल्यावर, १९१३ च्या डिसेंबरात, त्याने एका नाट्यविषयक नियतकालिकात जाहिरात देऊन ही तंत्रे स्वतःच्या नावावर नोंदवली होती. वस्तुतः इंग्लंडमधील जी. ए. स्मिथ आणि अमेरिकेतील एडविन पोर्टर यांच्या चित्रपटांत यांपैकी काही तंत्रे आधीच दिसतात. शब्द एकाने घडवलेले नसतात. विखुरलेल्या प्रयोगांना नियमांचे रूप देतो तो व्याकरणकार. ग्रिफिथचे श्रेय या दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि तेही लहान नाही.

या व्याकरणातील सर्वांत प्रभावी रचना म्हणजे समांतर संकलन. दोन ठिकाणी एकाच वेळी घडणारे प्रसंग आळीपाळीने दाखवायचे. १९०८ च्या 'आफ्टर मेनी इयर्स' या चित्रपटात त्याने घरी वाट पाहणारी पत्नी आणि दूर बेटावर अडकलेला पती यांची दृश्ये एकापाठोपाठ जोडली. असे तुटक कथन प्रेक्षकांना कळेल का, अशी शंका कंपनीत उपस्थित झाली. त्यावर ग्रिफिथने डिकन्सच्या लेखनपद्धतीचा दाखला दिला, अशी आठवण लिंडा आर्विडसनने नोंदवली आहे. कादंबरीकार एका पात्राला संकटात सोडून दुसऱ्याकडे वळतो आणि वाचक ते सहज समजून घेतो, मग प्रेक्षकाला ते का जमू नये, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन याने डिकन्स आणि ग्रिफिथ यांच्यातील या नात्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. चित्रपटाच्या व्याकरणाची एक मुळी कादंबरीच्या मातीत आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून ध्यानात ठेवावे.

आता या रचनेचा एक ठरावीक साचा पाहू. १९०९ च्या 'द लोनली व्हिला' या चित्रपटात घरात पत्नी आणि मुली आहेत, बाहेरून दरोडेखोर दार फोडत आहेत आणि दूर गेलेला पती धावत परत येत आहे. कॅमेरा या तिघांमध्ये फिरत राहतो, दृश्ये हळूहळू आखूड होत जातात आणि अखेरच्या क्षणी सुटका होते. ग्रिफिथने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ डॉली', हाही पळवून नेलेल्या मुलीच्या सुटकेचाच होता. या साच्यात तीन रिकाम्या जागा असतात. एक निष्पाप बळी, एक हल्लेखोर आणि एक त्राता. या जागांवर कोणाला बसवायचे, हे दिग्दर्शक ठरवतो. एकदा बसवल्यावर मात्र प्रेक्षकाचे हृदय विचार न करता त्रात्याबरोबर धावू लागते. नीतीचा निर्णय संकलनाच्या गतीतच होऊन जातो.

हाच दिग्दर्शक या तंत्राचा उपयोग सामाजिक टीकेसाठीही करू शकत होता. १९०९ च्याच 'अ कॉर्नर इन व्हीट' मध्ये गव्हाचा साठेबाज मेजवानी झोडत असतानाच पावासाठी रांगेत उभे असलेले गरीब दिसतात. दोन दृश्ये शेजारी ठेवली आणि आरोपपत्र तयार झाले. म्हणजे समांतर संकलनाची रचना स्वतः कोणत्याही पक्षाची नव्हती.

४. 'द बर्थ ऑफ अ नेशन' : १९१५

लांब चित्रपट करण्यास बायोग्राफ कंपनी फारशी राजी नव्हती. १९१३ मध्ये ग्रिफिथ तिथून बाहेर पडला आणि हॅरी एटकिन या निर्मात्याच्या साहाय्याने त्याने आपला सर्वांत मोठा प्रकल्प हाती घेतला. त्याचा आधार होता थॉमस डिक्सन याची १९०५ मधील 'द क्लॅन्समन' ही कादंबरी आणि तिच्यावरील नाटक. सुमारे एक लाख डॉलर खर्चून बनलेला हा बारा रिळांचा, जवळजवळ तीन तासांचा चित्रपट ८ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉस एंजेलिस येथे कादंबरीच्याच नावाने दाखवण्यात आला. ३ मार्च रोजी तो न्यूयॉर्कमध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' या नावाने आला. काही सेंटांत चित्रपट पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकांनी त्यासाठी दोन डॉलरपर्यंत तिकीट मोजले.

चित्रपटाचा पूर्वार्ध यादवी युद्धाचा आहे. रणांगणाची विस्तीर्ण दृश्ये, घरी परतणाऱ्या सैनिकाचे स्वागत, लिंकन यांची हत्या हे प्रसंग आजही अभ्यासले जातात. उत्तरार्ध युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळाचा, म्हणजे १८६५ ते १८७७ चा आहे, आणि वादाचे मूळ तेथे आहे. प्रत्यक्ष इतिहासात या काळात तीन घटनादुरुस्त्या झाल्या. गुलामगिरी संपली, कृष्णवर्णीयांना नागरिकत्व मिळाले आणि पुरुषांना मताधिकार मिळाला. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. हे हक्क हिरावून घेण्यासाठी 'कू क्लक्स क्लॅन' या गुप्त संघटनेने खून, मारहाण आणि दहशत यांचा अवलंब केला. अखेर १८७१ मध्ये अमेरिकी संसदेला तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला.

ग्रिफिथच्या चित्रपटात हे चित्र उलटे झाले. त्यात मुक्त झालेले कृष्णवर्णीय उद्धट, आळशी आणि गौरवर्णीय स्त्रियांवर टपलेले दिसतात. क्लॅनचे बुरखाधारी घोडेस्वार मात्र समाजाचे रक्षणकर्ते ठरतात. प्रमुख कृष्णवर्णीय पात्रे गौरवर्णीय नटांनी तोंडाला काळा रंग फासून केली होती. अखेरीस लहानशा झोपडीत गौरवर्णीय कुटुंब अडकले आहे, बाहेरून कृष्णवर्णीय सैनिक दारे-खिडक्या फोडत आहेत आणि दुरून क्लॅनचे स्वार दौडत येत आहेत. तुम्ही हा साचा ओळखला असेल. तो 'द लोनली व्हिला'चाच आहे. फरक इतकाच की दरोडेखोरांच्या जागी एक संपूर्ण वंश आणि पतीच्या जागी एक खुनी संघटना बसवण्यात आली. घोड्यांच्या दौडीबरोबर प्रेक्षागृहातील लोक टाळ्या वाजवत, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवत आहोत, हे विचारण्याची उसंत संकलन देत नव्हते. त्यानंतर मतदानाच्या दिवशी सशस्त्र स्वार कृष्णवर्णीयांना घराबाहेर पडू देत नाहीत, असे दृश्य येते. मताधिकाराची ही चोरी चित्रपटात विजयोत्सवाचा भाग म्हणून दाखवली आहे.

असत्य पटवून देण्याची आणखी एक युक्ती येथे तपासण्यासारखी आहे. दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाच्या दृश्यापूर्वी पडद्यावर पाटी येते. हे सभागृह जुन्या छायाचित्रावरून हुबेहूब उभारले असल्याचे ती सांगते. मग त्या सभागृहात कृष्णवर्णीय सदस्य मद्य पिताना आणि अनवाणी पाय मेजावर टाकून बसलेले दिसतात. खोलीला छायाचित्राचा पुरावा आहे, वर्तनाला नाही. परंतु भिंतींची सत्यता पाहणारा प्रेक्षक माणसांचे वर्तनही सत्य मानून चालतो. ऐतिहासिक कादंबरी वाचतानाही हा भेद करण्याची सवय तुम्ही लावून घ्यावी. तपशिलाची अचूकता आणि अन्वयार्थाची सत्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. विरोध आणि परिणाम

हा चित्रपट त्या काळच्या सर्वच अमेरिकनांना मान्य होता, असा समज करून घेऊ नका. 'तो काळच तसा होता' ही सबब येथे टिकत नाही, कारण त्याच काळातील माणसांनी विरोध केला होता. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने लॉस एंजेलिसपासूनच न्यायालयांत आणि परीक्षण मंडळांपुढे दाद मागितली. बोस्टनमध्ये 'गार्डियन' या वृत्तपत्राचे संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल १९१५ मध्ये चित्रपटगृहासमोर मोठी निदर्शने झाली आणि ट्रॉटर यांना अटक झाली. काही ठिकाणी दृश्ये कापण्यात आली. ओहायो आणि कॅन्सस या राज्यांत चित्रपटावर बंदी आली.

फेब्रुवारी १९१५ मध्ये हा चित्रपट राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्येही दाखवला गेला होता. विल्सन हे डिक्सनचे विद्यापीठातील सहाध्यायी होते आणि चित्रपटातील पाट्यांत त्यांच्या इतिहासग्रंथातील मजकूर वापरला होता. चित्रपटाची स्तुती करणारे एक वाक्य त्यांच्या नावावर आजही सांगितले जाते, पण त्याला समकालीन भक्कम पुरावा नाही. वाद वाढल्यावर आपण चित्रपटाला पसंती दिलेली नाही, असा खुलासा त्यांच्या कार्यालयाने केला. तोपर्यंत जाहिरातीचे काम होऊन गेले होते.

परिणाम मात्र केवळ वादापुरता राहिला नाही. मूळची क्लॅन संघटना १८७० च्या दशकातच नामशेष झाली होती. १९१५ च्या नोव्हेंबरात विल्यम सिमन्स याने जॉर्जियातील स्टोन माउंटनवर क्रूस पेटवून तिचे पुनरुज्जीवन केले. अटलांटा येथे चित्रपट लागण्याच्या सुमारास साधलेली ती वेळ होती. पुढे सदस्यभरतीसाठी ही संघटना चित्रपटाच्या खेळांचा उपयोग करीत राहिली. पेटत्या क्रुसाचा विधीदेखील जुन्या क्लॅनचा नव्हता. तो डिक्सनच्या कादंबरीतून आणि ग्रिफिथच्या पडद्यावरून प्रत्यक्षात उतरला. कल्पित कथेने वास्तवाला वेश पुरवल्याचे इतके भयावह उदाहरण कलेच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

या वादाने विरोधकांपुढेही एक पेच उभा केला. बंदी मागावी, तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाध येतो. न मागावी, तर समाजातील दुर्बलांच्या जिवावर बेतते. योगायोगाने त्याच महिन्यात, २३ फेब्रुवारी १९१५ रोजी, ओहायोतील एका वेगळ्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ व्यवसाय असून त्याला मुद्रणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला होता. तो १९५२ पर्यंत टिकला.

६. 'इन्टॉलरन्स' आणि उतरता काळ

टीकेला ग्रिफिथने १९१६ मध्ये एका पुस्तिकेने उत्तर दिले. तीत त्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू मांडली. कृष्णवर्णीयांबद्दल आपल्याला द्वेष नाही, असे तो सांगत असे. त्याच्या मनात त्यांच्याविषयी ममत्व असेलही, पण ते मालकाच्या घरातील मुलाचे होते. बरोबरीच्या नागरिकाला ते जागा देत नव्हते.

५ सप्टेंबर १९१६ रोजी त्याचा 'इन्टॉलरन्स' प्रदर्शित झाला. हा चित्रपट म्हणजे आधीच्या चुकीचे प्रायश्चित्त होय, असे अनेकदा लिहिले जाते, परंतु ते पुराव्याला धरून नाही. ग्रिफिथच्या मते असहिष्णू होते ते त्याचे टीकाकार. शिवाय या चित्रपटातील आधुनिक कथेचे चित्रीकरण 'द बर्थ ऑफ अ नेशन' प्रदर्शित होण्यापूर्वीच बऱ्याच अंशी झाले होते. तिच्याभोवती त्याने आणखी तीन कथा गुंफल्या. बॅबिलोनचा पाडाव, ख्रिस्ताचे बलिदान आणि १५७२ मधील फ्रान्समधील प्रोटेस्टंटांचे हत्याकांड. चार युगांतील चार कथा तो आळीपाळीने सांगतो आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणून पाळणा हलवणारी स्त्री पुन्हा पुन्हा दिसते. ती भूमिका लिलियन गिश हिने केली होती.

येथेही शेवटी सुटकेची दौड आहे, पण जागांवर बसलेली माणसे बदलली आहेत. आधुनिक कथेत संपात होरपळलेला, खोट्या आरोपाखाली फाशीच्या तख्ताकडे निघालेला कामगार हा बळी आहे. बॅबिलोनच्या कथेत इशारा घेऊन धावणारी तरुणी पोहोचते, तरी नगर वाचत नाही. ज्या साच्याने एक वर्षापूर्वी खुन्यांना नायक केले, त्याच साच्यातून ग्रिफिथ दुर्बलांविषयी खरी करुणा निर्माण करू शकला. त्याला करुणा येत नव्हती असे नाही. ती कोणाच्या वाट्याला द्यायची, याची सीमा त्याच्या मनात बालपणीच आखली गेली होती.

प्रेक्षकांना चार कथांची ही गुंतागुंत पेलली नाही. प्रचंड खर्चाचा हा चित्रपट आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरला आणि त्याचा भार ग्रिफिथला दीर्घकाळ वाहावा लागला. हॉलिवूडमध्ये उभारलेला बॅबिलोनचा अजस्र देखावा नंतर काही वर्षे तसाच उभा होता. रशियात मात्र क्रांतीनंतर हा चित्रपट पोहोचला तेव्हा पुदोवकिन, आयझेनस्टाइन यांच्या पिढीला तो पाठ्यपुस्तकासारखा वाटला.

१९१९ च्या फेब्रुवारीत चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्यासह ग्रिफिथने 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही कंपनी स्थापन केली. कलावंतांनीच आपल्या चित्रपटांचे वितरण हाती घ्यावे, हा तिचा उद्देश होता. त्याच वर्षीच्या 'ब्रोकन ब्लॉसम्स' मध्ये लंडनच्या दरिद्री वस्तीतील छळल्या गेलेल्या मुलीला आसरा देणारा चिनी तरुण त्याने अत्यंत सहानुभूतीने रंगवला, जरी ती भूमिका गौरवर्णीय नटानेच केली होती. १९२० मधील 'वे डाउन ईस्ट', त्यातील वाहत्या हिमखंडांवरील सुटकेच्या प्रसंगासह, फार मोठे यश ठरला. १९२१ मधील 'ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म' नंतर मात्र प्रेक्षकांची अभिरुची बदलू लागली. महायुद्धोत्तर पिढीला त्याच्या सोज्ज्वळ नायिका आणि भावविवश कथा जुन्या वाटल्या. कर्जामुळे स्वातंत्र्य गमावून तो इतर कंपन्यांचा पगारी दिग्दर्शक झाला. १९३० मध्ये त्याचा पहिला पूर्ण बोलपट 'अब्राहम लिंकन' आला. १९३१ च्या 'द स्ट्रगल' या मद्यपानविषयक चित्रपटाच्या अपयशानंतर त्याला पुन्हा दिग्दर्शन करता आले नाही.

यानंतरची सुमारे सतरा वर्षे तो जगला. ज्या उद्योगाला त्याने भाषा दिली, त्याच उद्योगात त्याच्यासाठी काम उरले नव्हते. १९३६ मध्ये ऑस्कर समारंभात त्याला सन्माननीय पुरस्कार देण्यात आला. अखेरची वर्षे हॉलिवूडमधील हॉटेलच्या खोलीत, मद्याच्या सोबतीने आणि बहुतांशी एकटेपणात गेली. २३ जुलै १९४८ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले. केंटकीत, जन्मगावाच्या परिसरातील चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले.

७. मूल्यमापन

ग्रिफिथच्या मृत्यूने वाद संपला नाही. अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेने १९५३ मध्ये जीवनगौरवासाठी त्याच्या नावाचा पुरस्कार सुरू केला आणि १९९९ मध्ये त्यावरून त्याचे नाव काढून टाकले. १९९२ मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' जतन करावयाच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत घेण्यात आला, तेव्हाही निषेध झाला. हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटतील, पण तसे ते नाहीत. जतन करणे म्हणजे पुरावा सांभाळणे, तर एखाद्याच्या नावाने पुरस्कार देणे म्हणजे त्याला आदर्श मानणे. अभ्यासकाला पहिल्याची गरज आहे, दुसऱ्याची नाही.

तंत्र तेवढे घ्यावे आणि आशय सोडून द्यावा, असा सोपा मार्ग काही समीक्षक सुचवतात. तो पुरेसा नाही, कारण या चित्रपटात असत्य परिणामकारक झाले ते तंत्रामुळेच. दुसऱ्या टोकाचा मार्ग म्हणजे तंत्रालाच दोषी धरणे. त्याचे उत्तर ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने १९२० मध्येच दिले. त्याच्या 'विदिन अवर गेट्स' या चित्रपटात एका निरपराध कृष्णवर्णीय कुटुंबाला झुंडीने ठार मारण्याचा प्रसंग आणि एका कृष्णवर्णीय तरुणीवर गौरवर्णीय पुरुषाने केलेला हल्ला आळीपाळीने दाखवले आहेत. रचना समांतर संकलनाचीच, पण बळी आणि हल्लेखोर यांच्या जागा इतिहासाला धरून भरलेल्या. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये पुनर्रचनेच्या काळावरील आपल्या ग्रंथातून हेच काम इतिहासलेखनात केले.

भाषा सर्वांची असते, वाक्याची जबाबदारी मात्र ते उच्चारणाऱ्याची असते. ग्रिफिथने भाषा समृद्ध केली, म्हणून त्याच्या वाक्याची जबाबदारी कमी होत नाही. उलट ज्याचे भाषेवर प्रभुत्व अधिक, त्याचे असत्य अधिक दूर जाते. म्हणूनच कथा वाचताना, नाटक किंवा चित्रपट पाहताना मन हेलावले की त्या क्षणी थांबून एवढे तपासा : बळीच्या जागी कोण आहे, त्राता कोण आहे, हल्लेखोराची जागा कोणाला दिली आहे आणि ती देण्यास पुरावा कोणता. भारावून जाणे हा रसिकाचा हक्क आहे आणि नंतर प्रश्न विचारणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय

१. 'द लोनली व्हिला', 'द बर्थ ऑफ अ नेशन' आणि 'इन्टॉलरन्स' यांतील सुटकेच्या प्रसंगांची तुलना करा. रचना कोणती समान आहे आणि अर्थ कशामुळे बदलतो, ते स्पष्ट करा.

२. तुम्ही वाचलेल्या एखाद्या मराठी ऐतिहासिक कादंबरीतील एक प्रसंग निवडा. त्यातील तपशिलाची अचूकता आणि लेखकाचा अन्वयार्थ यांचे वेगवेगळे परीक्षण करा.

३. कलाकृती जतन करणे आणि कलावंताचा गौरव करणे यांत फरक करावा का? तुमचे मत दोन्ही बाजूंचा विचार करून सुमारे ३०० शब्दांत मांडा.